काही नाही नावाची टेकडी

बाळांनो, जरा पुढे सरका. मागं बसलेल्यांनी कुजबुज थांबवा. हं.

एका जंगलात सगळी कामं पत्रानं होत. कुणाला बोलवायचं असलं तर पत्र, हाकलायचं असलं तरी पत्र. पत्रं सागाच्या पानांवर निघत आणि खाली राजाच्या पंजाचा ठसा असे. राजाचं नाव दुर्दंडसिंह. सिंह होता, पण मनानं वाईट नव्हता. फक्त त्याला वाचायचा कंटाळा होता.

प्रजेची माहिती एका गुहेत ठेवलेली असे. प्रत्येक प्राण्याची एक टोपली. टोपलीत पुड्या. एका पुडीवर लिहिलेलं 'नाव', दुसरीवर 'घर', तिसरीवर 'टेकडी'. पुडी सोडली की आत त्या प्राण्याचं नाव, घर आणि पुरात त्यानं गाठायची टेकडी सापडे. या गुहेचे भांडारपाल होते खवलोजीराव. ते खवले मांजर होते. कुणी प्रश्न विचारला की ते अंगाचं वेटोळं करून गप्प पडून राहत.

पत्राचा नमुना लिहायचं काम वेणूताईंकडे होतं. त्या सुगरण पक्षीण. एक नमुना लिहायचा, तो वानरांकडे द्यायचा. वानर प्रत्येकाची टोपली पुढ्यात घेऊन नमुन्याबरहुकूम पत्र उतरवून काढत. वानर कामाला पक्के होते. नमुन्यात लिहिलंय तेवढंच करायचे. विचार करायचा नाही, असा त्यांना नियमच होता.

एके दिवशी बेडकांच्या हवामान खात्यानं कळवलं, "वरच्या खोऱ्यात पाणी चढतंय. चार दिवसांत नदी जंगलात येणार."

राजा म्हणाला, "प्रत्येकाला पत्र पाठवा. कुणी कुठल्या टेकडीवर जायचं ते कळवा."

वेणूताई जुना नमुना घेऊन बसल्या. त्यात असं होतं : 'भांडारपालांच्या परवानगीने टोपली उघडावी, तीत नाव असे लिहिलेली पुडी शोधावी, ती सोडावी, आत जे आढळेल ते येथे लिहावे, पुडी पूर्ववत बांधावी.' हे झालं नुसत्या नावाचं. मग घराचं तसंच. मग टेकडीचं तसंच. निरोप एका ओळीचा आणि नमुना अकरा पानांचा! एका पत्राला वानराचा अर्धा दिवस जाई.

वेणूताईंनी हिशेब केला. अशानं निम्म्या जंगलाला पत्र मिळायच्या आधी पाणी मिळालं असतं.

त्या उडत गुहेत गेल्या. "खवलोजीराव, एक सुचलंय. नमुन्यात मी नुसतं एक टिंब देते आणि पुढं 'नाव' लिहिते. टिंब दिसलं की वानरानं समोरच्या टोपलीतली त्या नावाची पुडी बघायची आणि आतला मजकूर तिथं लिहायचा. बास!"

"आणि माझी परवानगी?"

"ती एकदाच घ्यायची. सगळ्या टिंबांची मिळून."

खवलोजीरावांचा चेहरा पडला. "इतकं सोपं केलंत, तर लोकांना वाटेल हे काम सोपं आहे."

"आणि एखादी पुडी टोपलीत नसलीच तर?" वेणूताईंनी विचारलं.

"माझ्या भांडारात पुडी नाही असं होतच नाही," असं म्हणून त्यांनी वेटोळं केलं.

राजानं दोन्ही नमुने मागवले. अकरा पानी नमुना उचलला आणि ठेवून दिला. दुसरा एका ओळीचा होता : 'प्रिय •नाव, आपण •घर सोडून ताबडतोब •टेकडी या टेकडीवर जावे.' राजानं तो चक्क वाचला आणि खूश होऊन पंजा उमटवला.

एका दुपारात सगळी पत्रं तयार झाली. वानर शेपट्या उडवत वाटायला निघाले.

आता त्या जंगलात एक पिसोरी राहत होती. पिसोरी म्हणजे सशाएवढं इवलंसं हरीण. तिचं नाव तानूबाई. तिला दोन पाडसं. तिच्या टोपलीत तिसरी पुडी होती, पण नोंद करताना खवलोजीरावांनी वर 'टेकडी'ऐवजी 'डोंगर' लिहिलं होतं. तुम्हाआम्हाला कळलं असतं. वानरानं 'टेकडी' शोधली, सापडली नाही. आत काही नाही, म्हणून त्यानं इमानदारीत लिहिलं : 'प्रिय तानूबाई, आपण करवंदीची जाळी सोडून ताबडतोब काही नाही या टेकडीवर जावे.'

तानूबाईनं पत्र दोनदा वाचलं. खाली राजाचा पंजा होता. ती पाडसांना घेऊन निघाली.

वाटेत गवा भेटला. "कुठं निघालीस गं?"

"काही नाही."

"अगं, पाडसं घेऊन निघालीस आणि काही नाही काय?"

"तेच म्हणते दादा. काही नाही कुठं आहे?"

गव्यानं मान हलवली. "घाबरलीयस तू. पाणी पी जरा."

मोरानं तिला पूर्वेला पाठवलं, मुंगसानं पश्चिमेला. असे तीन दिवस गेले आणि नदीनं काठ सोडला. पाणी पाडसांच्या गुडघ्याला लागलं. धाकटं रडायला लागलं. तानूबाईलाही रडू येत होतं, पण तिनं मान वर करून चहूकडे पाहिलं. लांब एक बोडका कातळ दिसला. त्यावर झाड नाही, गवत नाही, पक्षी नाही.

"तिथं काय दिसतंय रे?" तिनं थोरल्याला विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

"मग तीच आपली टेकडी! पळा!"

तिकडे वेणूताईंनी वाटलेल्या पत्रांच्या नकला चाळल्या आणि त्यांच्या चोचीतली काडी खाली पडली. त्यांनी गुहेतून तानूबाईची टोपली ओढून काढली. 'डोंगर' लिहिलेली पुडी सोडली. आत होतं : वाघटेकडी.

वाघटेकडीवर त्या वेळी एक वाघ, एक वाघीण आणि त्यांचे तीन बछडे दोन दिवसांचे उपाशी बसले होते.

वेणूताई पाण्यावरून उडत सुटल्या. झाडं बुडाली होती. हाका मारून त्यांचा गळा बसला. शेवटी कातळावर तीन ठिपके दिसले. तिघं कोरडी ठणठणीत. पाडसं कातळावरून घसरगुंडी खेळत होती. वेणूताई तानूबाईच्या पाठीवर उतरल्या आणि हमसाहमशी रडल्या.

"चूक झाली हो माझी. आधी तपासायला हवं होतं."

"छे हो," तानूबाई म्हणाली. "पत्र छानच होतं. एका दमात वाचता आलं. शोधायला मात्र त्रास पडला."

पूर ओसरल्यावर दरबार भरला. वेणूताईंनी घडलं ते सगळं खरंखरं सांगितलं. राजा विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे पुडीवर 'टेकडी' लिहिलं असतं, तर तानूबाई वाघाच्या ताटात गेली असती?"

"हो, महाराज."

"पुडीवर चुकीचं कुणी लिहिलं?"

खवलोजीरावांनी वेटोळं करायला सुरुवात केली होती, ते अर्ध्यातच थांबले. "मी, महाराज," ते म्हणाले. "दूरदृष्टी ठेवून."

त्यांना मुख्य भांडारपाल केलं गेलं. बोडक्या कातळाला 'काही नाही' हे नाव मिळालं आणि तशी पुडी सगळ्या पिसोऱ्यांच्या टोपलीत पडली. टिंबाचा नमुना कायम झाला. पुडी सापडली नाही तर हातचं पत्र थांबवून ओरडायचं, अशी एक ओळ वेणूताईंनी त्यात घातली. सरळ वागल्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली. ती मात्र अकरा पानी होती.

तात्पर्य : आपलं काम नेहमी अर्धवट करावं. वाचणारा शहाणा निघाला, तर अर्धवटपणाला दूरदृष्टी म्हणतात.