अकरा थाऊची पत्रिका

विचित्र माणसाबद्दल लिहून राहिलो म्हटलं का तुम्ही वाट पाहत बसान, आता याच्या मिशा येईन, मंग टोपी येईन, मंग हा बकरीसोबत गोष्टी करन. बसा वाट पाहत. माह्या मामाजीले मिशा नाही, टोपी नाही, आणि बकरीले ते आवारातच येऊ देत नाही. पवनीच्या कोणत्याही किराणा दुकानासमोर थैली घेऊन जो माणूस उभा असते ना, तसेच आमचे मामाजी. फक्त खिशातून पेन निंघन असं वाटते, तिथून निंघते मायक्रोमीटर.

मायक्रोमीटर म्हणजे लोखंडाचा वाकडा चिमटा. वस्तू त्यात धराची, मूठ फिरवाची, तो कर्र-कर्र-टिक करते आणि जाडी सांगते. मामाजी जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर होते. मशीन जुनी, इंचाची. नक्शे नवे, मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या तुकड्याचे. दोघाइचं भांडण सोडवता सोडवता मामाजी रिटायर झाले, पण भांडण घरी घेऊन आले.

"इंचाचे हजार तुकडे कर," मामाजी मले लहानपणापासून सांगते. "त्यातला एक म्हणजे थाऊ. अन एक थाऊ म्हणजे?"

"पंचवीस पॉइंट चार मायक्रॉन," मी म्हणणार, तेव्हा कुठं हातात चॉकलेट पडणार.

बाकीचे लोक रामराम म्हणते तसं मामाजी पंचवीस पॉइंट चार म्हणते. आईनं पापड लाटले का चिमटा काढून बसलेच. "काठाले अठरा थाऊ, मधात चोवीस. हात कापते का बाई तुहा?" एकदा माह्या डोक्याचा केस उपटला. "पावनेतीन थाऊ! बाप्पा! तुह्या मामीचा दोनच भरते." माही उंची पाच फूट सहा इंच. मामाजी पाहुण्याइले सांगते, "सहासष्ट हजार थाऊचा पोट्टा हाये, अन अक्कल एक मायक्रॉन नाही."

मले नकला करता येते. आमचे हेडसर, एसटीचा कंडक्टर, गल्लीतला आटाचक्कीवाला, सगळे माह्या गळ्यात राहते. पण मामाजीची नक्कल म्हणजे माहा हुकमी एक्का. आवाज नाकातून सोडाचा, आकड्याच्या आधी जरासा दम धराचा, आणि शेवटी "बाप्पा". लोक हसून लोळते. मी बी खूश. कारण खरं विचाराल तर मले मामाजीची लाज वाटे, आणि आपणच आधी हसवलं का लोकाइले वेगळं हसाले जागा उरत नाही.

यंदा तं रोग वाढलाच. जे दिसन ते मोजाले लागले. औषधाचं खोकं, कॅलेंडरचं पान, दुकानदाराचं कार्ड. कोणाच्या घरी लग्नपत्रिका आली का मामाजी हजर. नाव वाचत नाही, मुहूर्त पाहत नाही. कर्र-कर्र-टिक. "चौदा. कामाची नाही." आणि चालले. घरवाले एकमेकाच्या तोंडाकडे पाहते. त्यातच आमच्या ताईचं लगन जुळलं. मी आईले म्हटलं, "मामाजीले मांडवाच्या दिवशी खोलीत कोंडू."

आई म्हणे, "मामा कोंडून लगन होते का रे? पोरीच्या मांगं मामाच उभा राहते."

मंग लाखांदूरचे व्याही नवरदेवाच्या भावाले सोबत घेऊन त्याइच्याकडची पत्रिका द्याले आमच्या घरी आले. पत्रिका म्हणजे काय सांगू. उठावाचा गणपती, सोनेरी गोंडा, अक्षरावर बोट फिरवलं तं चमकी बोटाले लागे. कोपऱ्याइले हळदकुंकू. व्याह्यानं एक बाबाच्या हातात ठेवली, एक मानानं मामाजीच्या हातात. मामाजीनं पत्रिका कपाळाले लावली. मले वाटलं, चला, वाचलो.

कर्र. कर्र. टिक.

"अकरा!" मामाजी उठून उभेच राहिले. चेहरा असा फुलला जसा नवरदेव हेच आहे. "अकरा थाऊ! दोनशे एकोणऐंशी पॉइंट चार! किती पातळ हाये बाप्पा! लय चांगलं झालं, अशीच पातळ पायजे होती!" आणि व्याह्याले विचारते काय, "अजून एखादी भेटन का?"

व्याह्यानं पोह्याची प्लेट खाली ठेवली.

"म्हणजे आमी पातळ मानसं हावो," ते म्हणाले. "याच्या वरची पत्रिका अख्ख्या लाखांदुरात नोयती म्हनून हे आनली. सांगा तसं."

बाबा हात जोडून, "नाही हो, त्याइचं मनावर घेऊ नका, त्याइले सवय आहे."

"मामा बोलला म्हनजे घर बोललं." व्याह्यानं दुपट्टा खांद्यावर टाकला. स्वयंपाकखोलीच्या दारात ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. जुळलेलं लगन एका चिमट्यापायी मोडते का काय, असं झालं. आणि मामाजी? पत्रिका छातीशी धरून उभे.

मंग मी उडी मारली. पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला, बाबाच्या हातची पत्रिका त्यात धरली आणि नाकातून आवाज सोडला.

"थांबा! थांबा बाप्पा! माप चुकलं माहं! अकरा नोहे..." दम धरला. "बावीस! बावीस थाऊ! वाढलं बाप्पा, वाढलं! लय जाड हाये! माह्याच्यानं सांगनं झालं नाही!"

व्याह्याचा एक गाल हालला. मंग दुसरा. मंग पोट. दुपट्टा खांद्यावरून घसरला आणि ते हसत हसत खाली बसले. नवरदेवाच्या भावानं मोबाइल काढलाच होता. "अजून एकदा, अजून एकदा." मी अजून एकदा केलं. या खेपेले डोळे मिटून, खास रंगात येऊन.

मामाजीनं पत्रिका खिशात ठेवली, चप्पल घातली आणि गेले. मले वाटलं, राग आला असन, उतरन. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पवनीभर फिरला. फक्त माहा आवाज आणि अडकित्ता. मी दर पाच मिनिटाले पाहून राहिलो होतो, कोण किती हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी दारात. खिशात मायक्रोमीटर नाही. मी पहिल्यांदा त्याइले तसं पाहिलं.

"चाल आमच्या घरी. तुही मामी कालपासून जेवली नाही."

रस्त्यानं चालता चालता त्याइनं सांगितलं. मामीले शुगर आहे, जाड चष्मा आहे, एवढं आमाले माहीत होतं. मामी पाण्याचा गिलास देते तेव्हा आपला हात चाचपून, धरून देते. मले वाटे, माया आहे. माया होतीच. पण दिसतही नव्हतं. डोळ्याच्या मागचा पडदा सुजला होता. नागपूरले जाऊन डोळ्यात सुई घ्या लागे, आणि दर वेळी मशीन पडद्याची जाडी सांगे. मायक्रॉनमध्ये.

"पहिल्यांदा पाचशे बारा निंगालं," मामाजी म्हणाले. "तिनं विचारलं, म्हनजे केवढं सुजलं? मी काय सांगू? मायक्रॉन डोक्याले समजते, थाऊ बोटाले. मंग वीस थाऊचा पुठ्ठा शोधला अन तिच्या बोटात देला. म्हटलं, एवढं."

मामी आंधळगावची. लहानपणी तिनं मांडीवर रेशमाच्या कोशाचा धागा काढला आहे. चांगला धागा कोणता, कच्चा कोणता, हे तिची बोटं सांगत. मामाजी दर सुईनंतर एक कागद शोधून आणत. वीसच्या जागी सतरा, मंग तेरा. मामी बोटात धरे आणि म्हणे, उतरलं बाप्पा. दहाच्या जवळ आलं का बस, असं डॉक्टर म्हणे. आणि यंदाच्या खेपेले आलं दोनशे ऐंशी.

"अकरा," मी म्हटलं.

"अकरा. अन तेवढा कागद मले अख्ख्या पवनीत भेटे ना."

मी चालतच राहिलो. "मंग तेव्हाच सांगितलं काहून नाही व्याह्याले?"

"तिनं शपथ घातली होती. लगनघरात माह्या डोळ्याचं नाव काढाचं नाही."

पत्रिका घरी नेली तेव्हा मामी हसली होती. अंगठा आणि बोटाच्या मधात फिरवून फिरवून पाहिली होती. आणि संध्याकाळी शेजारच्या पोरीनं गंमत म्हणून मोबाइल तिच्या कानाले लावला. अडकित्ता मामीले दिसला नाही. तिले ऐकू आला फक्त तिच्या माणसाचा आवाज. माप चुकलं माहं. अकरा नोहे. बावीस. वाढलं. माह्याच्यानं सांगनं झालं नाही.

"आता म्हनते, तुमी चारचौघात खरं बोलता अन मले खोटं," मामाजी म्हणाले. "सुई उद्याची हाये. नागपूरले येतच नाही म्हनते."

मामी बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "मामी, तो मी होतो."

"तू कायले मधात पडतं? तुले त्याइनंच आनलं असन. मी काय यांचा आवाज वळखत नाही?"

मामाजी तिच्या बाजूले बसले. तिचा हात घेऊन आपल्या ओठावर ठेवला, म्हणजे ओठ हालते का नाही ते तिले समजावं. मंग माह्याकडे पाहून म्हणाले, "कर."

मी तोंड उघडलं. आवाज निंघाला तं माहाच.

"हा तो नोहे," मामी म्हणाली.

"बरोबर कर ना बे!" मामाजी म्हणाले. "नाक वापर. आकड्याच्या आधी थांब. कालच्यावानी कर."

आजवर एवढी मन लावून मी कोणाची नक्कल केली नाही. थांबा बाप्पा. माप चुकलं माहं. दम धरला. बावीस. वाढलं बाप्पा, वाढलं. समोर मामाजीचे ओठ बंद, आणि त्याइचा आवाज माह्या तोंडातून खोलीभर. कोणी हसलं नाही.

मामीनं ओठावरचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं उशीखालची पत्रिका काढली, गोंडा बाजूले केला, कोपरा बोटात धरला.

"अकराच?"

"अकराच," मामाजी म्हणाले. "पंचवीस पॉइंट चारनं गुनून पाह्य."

मामी म्हणाली, "भात वाढा मले."

मी हळूच उठलो. दारापर्यंत पोचलो असन, तं मामाजीनं मांगून धरलंच. "अन बावीस थाऊची पत्रिका पाहिली होती का रे कधी? पत्रिका हाये का पाट? येवढ्या जाडीले घडी पडन का? सहासष्ट हजार थाऊचा झाला, तोंडात येईन तो आकडा फेकते! नक्कल कराची तं माप खरं सांगाचं!"

"तुमी थांबा," मामी म्हणाली. आणि आवाजाच्या अंदाजानं माह्याकडे तोंड वळवलं, जरासं बाजूलेच. "बाल्या, हेडसरची कर, कंडक्टरची कर, माही बी कर. तुह्या मामाचं तोंड आता मले दिसत नाही. आवाज तेवढा राहिला हाये. तो बी तू गावभर घालून फिरशीन, तं मी या मानसाले वळखू कशावरून?"