ओव्हर्नच्या बाजारातील उपवास

सुज्ञ वाचकहो, फ्रान्स देशाच्या ओव्हर्न प्रांतात आमच्या पारनेर तालुक्यातील एका सज्जन गृहस्थाची जी अवहेलना झाली, ती येथे सविस्तर कथन करण्यात येत आहे. वाचून संताप आल्यास तो योग्यच समजावा.

गावच्या दूध संस्थेने चीज तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला. तिकडचे बाजार पाहून व पदार्थ चाखून यावे म्हणून सभासद कारभारी औटी आणि त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई यांस धाडण्यात आले. परतल्यावर प्रकल्पाचे प्रमुखपद कारभाऱ्यांस मिळणार, हे जवळजवळ निश्चित होते. त्यासाठी त्यांनी कोटही शिवला होता.

बाजार चर्चसमोरच्या पटांगणात भरला होता. जात्याच्या पाळीएवढी चीजची चाके, हिरवी मसूर, गुलाबी लसूण, आणि एका कढईत बटाटा व चीज घोटून केलेला, तारा सुटणारा अलिगो. पहिल्याच विक्रेत्या बाईने सुरीच्या टोकावर चीजचा तुकडा पुढे केला.

"नको, नको," कारभारी हात जोडून म्हणाले.

आता कुलीन मनुष्य पहिल्या खेपेस होय म्हणतो काय? दुसऱ्या खेपेस तो मान हलवितो आणि तिसऱ्या खेपेस, यजमानाचे मन मोडू नये एवढ्याचसाठी, घेतो. परंतु त्या बाईने हसून तुकडा मागे घेतला व शेजारच्या गिऱ्हाइकास दिला.

"परत इचारलंच न्हाई," कारभारी स्तंभित होऊन म्हणाले.

पुढल्या दुकानी तेच, त्यापुढल्या दुकानीही तेच. अलिगोवाल्याने तर कारभाऱ्यांनी नाकारलेली वाटी सरळ मनकर्णाबाईंच्या हाती दिली. बाईंची ती दुसरी वाटी.

"अगं, निदान एकदा तरी नको म्हन. लोकं काय म्हनतील?"

"काय म्हनत्यात ते मला कुठं कळतंय? तुमी बी खावा की गप."

"मागून खाऊ व्हय? माझा बाप सोयऱ्याच्या घरी कधी पहिल्या हाकेला पाटावर बसला न्हाई."

"मग ऱ्हावा उपाशी. बाप बघतुया वरून."

बाजार उठला. एवढ्या थोर खाद्यप्रांतातून कारभारी केवळ वास घेऊन परतले.

संस्थेच्या सभेत अध्यक्ष आबासाहेबांनी विचारले, "चव कशी हुती, कारभारी?"

कारभारी त्या देशाच्या निष्ठुरपणावर पुष्कळ वेळ बोलले. चवीचा प्रश्न तसाच राहिला. तेव्हा मनकर्णाबाई उठल्या.

"चाकाचं चीज आक्रोडावानी लागतं. निळ्या बुरशीचं जिभेला चावतं, पन भाकरीसंग लई भारी लागंल. आपन आदी चाकाचंच करू."

सभेत माना डोलल्या. तथापि ठरल्या शब्दाला जागून आबासाहेब म्हणाले, "कारभारी, प्रमुखपद तुमी घ्या."

कारभाऱ्यांनी कोट नीट केला व हात जोडले. "नको, नको, आबासाहेब. माझी कुठं एवढी लायकी."

"तुमची मर्जी," आबासाहेब म्हणाले. "वहिनी, तुमी घेता?"

"घेते की."

टाळ्या झाल्या. फ्रेंच लोकांचे एक वेळ समजू शकते, त्यांना कोणी शिकविले नाही. परंतु पारनेर तालुक्यात, भरल्या सभेत, एका कोट घातलेल्या मनुष्यास दुसऱ्यांदा विचारले जाऊ नये, ही गोष्ट आम्हांस सहन होत नाही.

आपण हे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

गोरक्ष ठुबे