कांचनने मिळवलेली सवलत

फ्रिजचा शेवटचा हप्ता भरायचा राहून गेला होता, हे मिलिंदला सात वर्षांनी बँकेत कळलं. गृहकर्जाच्या कागदांवर सही करायला त्याने पेनाचं टोपण काढलं होतं. समोर बसलेल्या पूजिता मॅडमनी हातानेच थांबायची खूण केली.

"सर, तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये एक जुनं खातं आहे. वसुलीला गेलेलं."

मिलिंदचा विश्वास बसेना. म्हैसूरजवळ कडकोळला, रंग बनवणाऱ्या कारखान्यात तो क्वालिटी कंट्रोलला होता. इतरांच्या चुका पकडायचाच तो पगार घेत असे. पण खातं खरं होतं. पुणं सोडताना त्याने तिथलं बँक खातं बंद केलं, त्या महिन्याचा हप्ता परत गेला, फायनान्स कंपनीची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि शेवटी त्याचा माग लागल्यावर कंपनीने नुकतंच ते येणं म्हैसूरच्या एका वसुली एजन्सीकडे सोपवलं. मूळ अठराशे रुपयांचे दंड-व्याजासकट नऊ हजार सहाशे झाले होते. ज्याच्यामुळे हे घडलं तो फ्रिज घरी निवांत गुरगुरत होता.

"घाबरू नका," पूजिता म्हणाल्या. "सगळे पैसे भरा, नो ड्यूजचं पत्र आणा. पुढचं मी बघते. पण लवकर हं."

लवकर, कारण आषाढ तोंडावर आला होता. कुवेंपुनगरातला जो फ्लॅट त्यांना हवा होता त्याचे मालक वेंकटरमण आषाढ अशुभ म्हणून त्या महिन्यात कसलाही व्यवहार करणार नव्हते. "आधी कर्ज पक्कं करा, किंमत मग बोलू," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. "आषाढाच्या आत जमलं तर तुमचा. नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे."

मिलिंदची बायको कांचन त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरावर जीव लावून बसली होती. लष्कर मोहल्ल्यातल्या त्यांच्या भाड्याच्या घरी ओट्यापाशी एकच माणूस मावायचा. मिलिंदला कोथिंबीर निवडायची असली तरी दारात उभं राहून निवडावी लागे. फ्लॅट बघायला गेले तेव्हा मात्र दोघं ओट्यापाशी शेजारी उभे राहिले आणि कोणाचं कोपर कोणाला लागलं नाही. तिथून कांचन हलायलाच तयार नव्हती.

"नऊ हजार सहाशे!" संध्याकाळी ती म्हणाली. "आणि तू हो म्हणून आलास?"

"भरायचेच आहेत ना? आत्ता फोनवरून पाठवतो."

"खबरदार! समोरच्याने आकडा सांगितला आणि तू दिलास, असं कधी असतं का? उद्या मी येते."

कांचन मूळची साताऱ्याची. म्हैसूरला आल्यावर ती जे पहिलं कन्नड वाक्य शिकली ते होतं "कडिमे माडी," म्हणजे कमी करा. पुढची बरीच वर्षं तिला दुसऱ्या वाक्याची गरज पडली नव्हती.

एजन्सीचं ऑफिस मंडी मोहल्ल्यात, एका दोरखंडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. टेबलामागे पन्नाशीचे, भरघोस मिशांचे एक गृहस्थ फोनवर कन्नडमध्ये कोणाला तरी दटावत होते. कांचनने त्यांना नीट निरखलं आणि मिलिंदच्या कानाशी लागली.

"मिशा नुसत्या दाखवायच्या आहेत. माणूस मऊ आहे. मी दोन हजारांपासून सुरू करते. तू मध्ये तोंड घालू नकोस."

गृहस्थांनी फोन खाली ठेवला. "दोन हजार फारच कमी झालं की, अक्का," ते मराठीत म्हणाले.

कांचनला पदर नव्हता, तरी तिने तो सारखा केल्यासारखं केलं.

त्यांचं नाव सयाजीराव. घराणं म्हैसूरला येऊन कैक पिढ्या झालेल्या, भाऊबंद सगळे शिलाईच्या धंद्यात. "घरात मराठीच आमची. पण बाहेर कोण बोलतंय, सांगा. पोरंसुद्धा कन्नडच बोलतात. तुमचं ऐकून बरं वाटलं, अक्का."

कांचनने ते बरं वाटणं वाया जाऊ दिलं नाही. "मग भावाने बहिणीकडून दंड घ्यायचा का?"

"तसं नाही, अक्का. सात द्या."

"तीन."

"सुम्ने, उगाच तीन तीन म्हणू नका. कंपनीला काय सांगू मी?"

"सांगा, बहीण आली होती."

सयाजीराव हसले, मग विचारात पडले. त्यांनी चहा मागवला, फायनान्स कंपनीच्या बेंगळूरच्या ऑफिसला फोन लावला, बराच वेळ अजिजीने बोलले आणि वळून म्हणाले, "आयतु. झालं तुमचं काम. चार हजार द्या. माझं कमिशन गेलं यात, पण असू दे. आपलं माणूस."

"पूजिता मॅडम 'सगळे' भरा म्हणाल्या होत्या," मिलिंद पुटपुटला.

"सगळे म्हणजे ते मागतील तेवढे. आता ते चारच मागतायत." कांचनने मुद्दा संपवला. जिना उतरताना तिचा चेहरा असा फुलला होता की मिलिंदला पुढे बोलवेना.

दुसऱ्या दिवशी पूजितांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"सर, यात 'सेटल्ड' लिहिलंय."

"मिटलं ना मग?" कांचनने विचारलं.

"मिटलं, पण 'क्लोज्ड' नाही झालं. क्लोज्ड म्हणजे पूर्ण फेडलं. सेटल्ड म्हणजे माणसाला पूर्ण फेडता आलं नाही, म्हणून कंपनीने मिळेल तेवढं घेतलं. परवा तुमचा हप्ता नुसता राहिलेला होता, मॅडम. आज तुम्ही बुडवलेत." त्यांनी आवाज खाली आणला. "ज्यांना नऊ हजार झेपले नाहीत त्यांना पन्नास लाख कशाला, असं मॅनेजर मला विचारतील."

कांचनने पत्र उचलून पर्समध्ये टाकलं. रिक्षात बसल्यावर तिने एवढंच सांगितलं, "मंडी मोहल्ला."

"राहिलेले पाच हजार सहाशे," तिने नोटा टेबलावर ठेवल्या. "घ्या, भाऊ."

"बेड, अक्का. नको."

"नको काय? कालपर्यंत तुम्हीच मागत होतात!"

"काल खातं होतं. आता कम्प्युटरात तुमचं नावच येत नाही. कशावर जमा करू?"

"सहा हजार घ्या."

"सुम्ने वाढवू नका, अक्का."

"साडेसहा! आणि तुमचं कमिशन वेगळं."

बायकोला चढता आकडा बोलताना मिलिंद जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. त्याला ते बघवेना.

सयाजीरावांना बँकेतली हकिगत कळली तेव्हा त्यांच्या मिशाच ओघळल्या. "मी चांगलं करायला गेलो हो. ठाऊक असतं तर तुम्हाला एक रुपया सोडला नसता."

"तेवढी माया केली असतीत तर बरं झालं असतं," कांचन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सयाजीरावांनी मग पदरच्या पैशाने फोन करकरून बेंगळूरची पाठ धरली. बंद खातं पुन्हा उघडून जास्तीचे पैसे घ्यायचे म्हणजे काय, हेच तिथे कोणाला समजत नव्हतं. शेवटी कंपनीने उरलेली रक्कम घेतली, 'क्लोज्ड'चं पत्र दिलं, रिपोर्टही यथावकाश सुधारला. पण पत्र आलं तेव्हा आषाढ लागलेला होता आणि वेंकटरमण यांनी आषाढ लागायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या पार्टीकडून टोकन घेतलं होतं.

तो महिना कांचनने मान खाली घालून काढला. चूक माझी, असं ती भाजी चिरता चिरता मध्येच म्हणे. फ्रिज उघडताना त्याच्याकडे बघत नसे. कोणी सांगेल तो भाव ती मुकाट देऊ लागली. "यापुढे कोणाचा एक पैसा कमी करणार नाही," तिने मिलिंदला सांगितलं, आणि त्याने समजूत घातली तरी ती ऐकेना.

श्रावणात वेंकटरमण यांचा फोन आला. दुसऱ्या पार्टीच्या मुलाने परदेशातून नकार कळवला होता. फ्लॅट अजून हवा आहे का? पूजितांनी फाइल पुन्हा काढली आणि या खेपेला सही करू दिली.

किंमत बोलायला दोघं गेले. काय बोलायचं ते मिलिंदने स्कूटरवर घोकून ठेवलं होतं. कॉफी आली.

"बासष्ट लाख," वेंकटरमण म्हणाले.

मिलिंदने श्वास घेतला.

"चालेल," कांचन म्हणाली.

वेंकटरमण यांनी ओठाशी नेलेला पेला खाली ठेवला. "बासष्ट चालेल?"

"पूर्ण बासष्ट. एकही रुपया राहायला नको."

त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदने कॉफीकडे पाहिलं.

वास्तुशांतीच्या दिवशी वेंकटरमण आले नाहीत. त्यांच्या पत्नी कावेरी एकट्याच आल्या, नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांची मोठी फणी घेऊन. हळदीकुंकू झालं, तरी त्या घुटमळत राहिल्या.

"राग मानू नका," शेवटी त्या म्हणाल्या. "यांना रात्री झोप लागत नाही. मनात साठच धरले होते हो. बासष्ट म्हणजे आपलं बोलायला सुरुवात. पण तुम्ही एका शब्दाने अडवलं नाहीत! झालेला व्यवहार आता कसा मोडणार? म्हणून म्हटलं, निदान केळी तरी द्यावीत."

त्या गेल्या. मग कांचनने एक केळं तोडलं, सोललं आणि सावकाश खाल्लं.

"गोड आहे," ती म्हणाली.

"असणारच," मिलिंद म्हणाला. "दोन लाखांची आहेत."

कांचनने दुसरं सोलून त्याच्या हातात दिलं. "खा. आणि शेजारपाजारी वाटत बसू नकोस."