सिद्धेश्वरची रिकामी जागा

गीतांजलीला पाहायला तीनदा पाहुणे येऊन गेले आणि तिन्ही वेळा गीतांजलीच घरी नव्हती. विमानात हवाई सुंदरीची नोकरी. ड्युटीचा तक्ता महिन्याला एकदा यायचा आणि आदल्या संध्याकाळी बदलायचा. एकदा तर ती रेणापूरपर्यंत पोचली होती, तिथूनच कंपनीनं परत बोलावलं. लातुरात पाहुण्यांनी पोहे खाल्ले, भिंतीवरचा तिचा फोटो पाहिला आणि निघून गेले.

तिची आई रुक्मिणबाई लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवायची. डॉक्टर व्हायला आलेली चाळीस पोरं दोन्ही वेळा तिच्याकडं जेवायची. नऊ वर्षांत मेसला एक दिवस कुलूप लागलं नव्हतं, आणि हीच बाई लेकीला फोनवर सुनवायची, "माणसानं घरासाठी वेळ काढावा. आता हे चौथं स्थळ हाय. हे मोडलं तर राजीनामा दे आन घरी ये."

स्थळ चांगलं होतं. मुलगा सिद्धेश्वर लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. त्याच्या आईची, मल्लम्मांची, एकच अट होती: लग्नानंतर मुलीनं नोकरी सोडायची. म्हणजे स्थळ जमलं तरी नोकरी जाणार आणि मोडलं तरी जाणार. गीतांजलीचा तर या नोकरीत जीव होता, पण तिला विचारतंय कोण?

शेवटी तोड रुक्मिणबाईनंच काढली. पोरीला सुट्टी नाही ना, मग आपणच पोरीकडं जाऊ. नांदेडहून हैदराबाद, तासाभराचं विमान. "चहा तर तिथं तीच आणून देती," तिनं मल्लम्मांना पटवलं. "बघायच्या कार्यक्रमात दुसरं काय असतंय?"

लेकीची ड्युटी तिनं फोनवर सहज विचारून घेतली होती, आणि नशिबानं या वेळी तक्ता बदलला नाही. त्या सकाळी नांदेडला विमानाच्या दारात गीतांजली हात जोडून उभी होती. समोर ठेवणीतली साडी नेसलेली आई आली आणि तिचे जोडलेले हात तसेच राहिले.

"आई? तू इथं काय करायलीस?"

"हळू बोल. मागं सासू हाय."

मागं खरंच मल्लम्मा होत्या, त्यांच्यामागं त्यांचे यजमान ईश्वरप्पा. त्यांच्यामागं कोणी नव्हतं.

"आन मुलगा?"

"त्याला ऐन वेळी जादा बॅच लागली. तिकीट वाया गेलं बघ. तुझा बाप मेसवर थांबलाय."

सातव्या रांगेत मल्लम्मा खिडकीशी बसल्या. शेजारची सिद्धेश्वरची जागा रिकामी राहिली. पलीकडं ईश्वरप्पा आणि रुक्मिणबाई. विमान वर गेलं, पट्टे सोडायची खूण झाली, आणि रुक्मिणबाईनं पिशवीतून पोह्यांचा स्टीलचा डबा काढला.

"आपल्या हातानं वाढ."

"आई, बाहेरचं वाढता येत न्हाई इथं."

"मग पाहुण्यांना काय इकतचं देऊ? चौथं स्थळ हाय, गीता."

गीतांजलीनं नाइलाजानं दोन कागदी पेल्यांत पोहे भरून दिले. मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी लगेच हात वर केला. "मॅडम, आम्हाला तर पोहे इचारलेबी न्हाईत." बघता बघता नऊ हात वर झाले. गलबला ऐकून तिची वरिष्ठ मनतशा मागून आली. ती नांदेडचीच होती.

"अपने यहाँ पोहे कबसे मिलने लगे?" तिनं शांतपणे विचारलं. "मेरेकू रिपोर्ट लिखना पडता, गीता."

आता नोकरी तिसऱ्याही वाटेनं निघाली होती. गीतांजली उत्तर शोधत होती, तोच विमान हललं.

थोडंथोडकं नाही, पेले उडाले. पट्टे बांधायची घोषणा झाली. पण त्र्याण्णवच्या भूकंपानं लातूरकडच्या माणसाला एकच गोष्ट शिकवली आहे, हललं की बाहेर पळायचं. ईश्वरप्पा "चला, चला" म्हणत उठले. रुक्मिणबाई डब्यासकट उठली आणि पोहे वाटभर सांडले. मल्लम्मा ते तुडवत दाराकडं निघाल्या, आणि गीतांजली आडवी आली.

"पोरी, सरक. दार उघड."

"काकू, खाली बसा."

"बसून राहिलेल्यांचं काय झालं, ते म्या बघितलंय."

"काकू, आपण बाहेरच आहोत," गीतांजली म्हणाली. कंपनीनं शिकवलेलं गोड बोलणं ती पार विसरली होती. "वर बघा. माळवद न्हाई, दगड न्हाई. अंगावर पडायला हाय काय इथं? याच्यापेक्षा उघड्यावर कुठं जाता? बसा म्हणते ना मी!"

होणाऱ्या सासूवर लेक खेकसली, हे ऐकून रुक्मिणबाई मटकन खाली बसली. ईश्वरप्पाही बसले. मल्लम्मांनी एकदा वर पाहिलं आणि आपल्या जागी परतल्या. गीतांजलीनं त्यांचा पट्टा आवळला, स्वतः सिद्धेश्वरच्या जागेवर बसली आणि त्यांचा हात धरून ठेवला.

"त्या पहाटे म्या सिद्धूला काखेत घेऊन पळाले," मल्लम्मा हलक्या आवाजात म्हणाल्या. "सासूला हाक मारली. ती म्हणली, थांबंल आता, बस. ती बसली."

विमान शांत झालं तरी त्यांनी हात सोडला नाही.

हैदराबादला गीतांजली पुन्हा दारात हात जोडून उभी राहिली. मनतशा खाली बसून पोहे गोळा करत होती. "पोहे का नही लिखती मैं," ती पुटपुटली. "अम्मा बैठ गई, वो लिखती."

मल्लम्मा दारात थांबल्या. त्यांच्यामागं रांगही थांबली.

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हललं आन म्या बसून राहिले," त्या म्हणाल्या. "मुलगी पसंत हाय."

रुक्मिणबाईनं डोळ्याला पदर लावला. गीतांजलीनं मात्र मान हलवली.

"काकू, मुलगा बघायचा राहिलाय. त्यांना सुट्टी कधी असती?"

मल्लम्मांनी बोटं मोजली. "मे महिन्यात परीक्षा. मग निकाल. जूनला नवी बॅच…" बोटं संपली. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, ईश्वरप्पांनी रांगेकडं पाहिलं.

"पुढल्या महिन्यात त्याला धरून आणते," मल्लम्मा म्हणाल्या. "त्याच्या त्याच जागेवर बसवते."

"आन न्हाई आले तर?"

"तर तू नोकरी सोडू नको." त्या एक पायरी उतरल्या आणि मागं वळल्या. "आन आला तरी सोडू नको."

रुक्मिणबाई काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मेसवरून गीतांजलीचे वडील विचारत होते, मीठ कुठं ठेवलंय.