साठ मडक्यांची डरकाळी

एका जंगलात, बाळांनो, रस्ता एकच होता आणि तोही बैलगाडीच्या रुंदीचा. तरी त्या जंगलात मोटारींची दुकानं दोन होती. एक भुजंगराव गव्याचं आणि एक सर्जेराव रानडुकराचं. दोघं समोरासमोर बसत आणि एकमेकांच्या गिऱ्हाइकांना हाका मारत.

एके दिवशी भुजंगरावाने दुकानापुढे एक नवी गाडी आणून उभी केली. तिचं नाव डरकाळी. पन्नास वर्षांपूर्वी याच नावाची गाडी जंगलात होती. लांबलचक बोनेट, रागावल्यासारखे दिवे, आणि सुरू झाली की झाडावरची पाखरं उडायची. नवी गाडी हुबेहूब तशीच दिसत होती. किंमत होती चाळीस मडकी मध.

केरबा अस्वलाने लहानपणी ती जुनी गाडी एकदाच पाहिली होती. आता त्याचे गुडघे दुखत. मध काढायला झाडावर चढताना मध्ये दोनदा थांबावं लागे. पण नवी डरकाळी पाहिली आणि तो गुडघे विसरला.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "अनसा, आपल्याकडे मध किती असेल गं?"

"अडतीस मडकी. पावसाळ्याची बेगमी आहे ती. का?"

"काही नाही, सहज."

अनसाबाईने मडकी पुन्हा मोजली. केरबा आजवर काहीही सहज बोलला नव्हता.

जुनी डरकाळी चालवणारा धोंडू कासव अजून हयात होता. केरबा त्याला जाऊन भेटला.

"कशी होती हो गाडी, आजोबा?"

"भिकार," धोंडू म्हणाला. "वळणावर वळायची नाही. थांबवली तर थांबायची नाही. माझ्या पाठीला या भेगा पडल्यात ना, त्या तिनेच पाडल्या."

"भाग्यवान आहात," केरबा म्हणाला.

आठवडाभरात समोरच्या सर्जेरावाने आपली गाडी काढली. हुंकार. तिच्या घराण्यात आधी कुणी गाडी झालेली नव्हती, पण दिसायला तीही पन्नास वर्षं जुनी होती. किंमत सदतीस मडकी. भुजंगरावाने लगेच डरकाळी चौतीसला केली. सर्जेराव तिसावर आला. भुजंगराव सव्वीसवर. असं करत करत दोन्ही गाड्या वीस मडक्यांवर येऊन टेकल्या.

केरबा रोज जाऊन पाटी वाचून यायचा.

"घ्या की मग एकदाची," अनसाबाई वैतागून म्हणाली. "अठरा मडकी उरतील. पावसाळा कसाबसा निघेल."

"पिराजी सशाने घेतली आहे ती," केरबा पडेल आवाजात म्हणाला. "सशाने! आणि मी तीच घेऊ?"

मोठी जनावरं सगळीच असं म्हणू लागली. दोन्ही दुकानांत शुकशुकाट झाला. शेवटी भुजंगराव आणि सर्जेराव पाणवठ्यावर भेटले.

"आपण स्वस्त केली तिथंच चुकलं," सर्जेराव म्हणाला.

"मग किती करायची?"

"साठ."

"साठला कोण घेईल?"

"वीसला जो घेत नाही तो."

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. डरकाळी, खास आवृत्ती, फक्त सात गाड्या, साठ मडकी. गाडी तीच होती. बोनेटवर दोन काळे पट्टे ओढले होते आणि आत एक स्पीकर बसवला होता. इंजिन मुळातच गरीब होतं, त्यामुळे डरकाळी स्पीकरमधून यायची.

केरबाने अडतीस मडकी दिली. उरलेल्या बावीस मडक्यांपोटी त्याने आपला बेहडा लिहून दिला. त्या झाडाला दरवर्षी बारा मोहोळं लागत.

"झाड दिलंत?" अनसाबाई खालीच बसली.

"अगं, साऱ्या जंगलात ही गाडी सातच जणांकडे आहे!"

"आणि उपाशी किती जण राहणार? आपण चारच ना?"

केरबाने गाडी रस्त्यावर काढली. रस्ता बैलगाडीचा आणि गाडी गव्याच्या मापाची. पहिल्याच वळणावर दोन्ही बाजूंचे आरसे निघाले. तो तसाच मागे मागे घरी आला. त्यानंतर डरकाळी गुहेसमोर उभीच राहिली. संध्याकाळी केरबा आत बसायचा आणि स्पीकर लावायचा. शेजारी म्हणत, काय आवाज आहे!

श्रावणापर्यंत घरातली कंदमुळं संपली. दोन्ही पोरी वारुळं उकरून मुंग्या खाऊ लागल्या. एकदा धाकटी गाडीच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "बाबा, हिच्यात मध ठेवतात का?"

केरबाने स्पीकर बंद केला.

"विकू या," तो घरात येऊन म्हणाला. "वीस तरी येतील."

दोघं चौकशीला पिराजी सशाकडे गेली. पिराजीने आपल्या डरकाळीवर पंधराची पाटी लावली होती. चाकांमधून गवत वर आलं होतं.

"दोन महिने झाले," पिराजी म्हणाला. "कुणी विचारायलाही आलं नाही हो."

घरी येऊन अनसाबाईने कोळसा घेतला आणि गाडीच्या काचेवर लिहिलं: एकशेवीस.

"वेड लागलं का तुला?" केरबा ओरडला.

"मला नाही लागलं. म्हणून तर लिहिते आहे."

दुपारच्या आत अमृतराव बिबट्या आला. त्याने गाडीला दोन फेऱ्या मारल्या.

"एकशेवीस जास्त होतात हो बाई. त्या सशाकडे पंधराला आहे."

"मग तिकडून घ्या."

बिबट्याचा चेहरा उतरला. "तसं नव्हे. शंभरला द्या."

"परवडत नसेल तर राहू द्या," अनसाबाई म्हणाली. "उद्या वाघीणबाई येणार आहेत बघायला."

अमृतरावाने एकशेवीस मडकी जागच्या जागी मोजली आणि घाम पुसत आभार मानले. दोन रेडे जुंपून त्याने गाडी ओढत नेली. केरबा दारात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. अनसाबाईने त्याच दिवशी बेहडा सोडवला आणि पोरींना पोटभर मध घातला.

जेवण झाल्यावर केरबा विचार करकरून म्हणाला, "एकशेवीस! म्हणजे साठला मला स्वस्तातच मिळाली होती म्हणायची. सर्जेरावही हुंकारची खास आवृत्ती काढतोय म्हणे."

अनसाबाई उठली. तिने मधाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तात्पर्य: मूर्खपणा करायचाच झाला, बाळांनो, तर तो महागातला करावा. स्वस्तातला मूर्खपणा जन्मभर आपल्याच दारात उभा राहतो. महागातला न्यायला कुणीतरी मोठा माणूस येतो, आणि तो आभारही मानतो.