बावीस गाठोडी कलकत्त्याला

मंडळी, शिरपूर ते कलकत्ता ही विमानसेवा सुरू करणारा पहिला माणूस मी! बंद करणाराही मीच, पण ते नंतर. आधी सुरू कशी केली ते ऐका.

साल होतं चौऱ्याहत्तर. आमच्या वऱ्हाडातल्या शिरपूरच्या पूर्वेला माळावर एक धावपट्टी होती. धावपट्टी म्हणजे काय, रोलर फिरवलेला मुरूम, एक पत्र्याची शेड आणि वारा कुठून येतो ते दाखवायला बांबूला बांधलेली पिवळी पिशवी. कपाशीवर औषध मारणारी चिमुकली विमानं हंगामात तिथं उतरायची. बाकीचे नऊ महिने म्हशी उतरायच्या. राखणीला गोविंदसिंग नावाचा निवृत्त फौजी होता. तो म्हशींनाही "हॉल्ट!" म्हणायचा आणि म्हशी थांबायच्या!

मी अजितकुमार. काका पूनमचंद यांच्या बारदानाच्या दुकानात बसायचो. बारदान म्हणजे रिकामी पोती. दिवसभर धड पोती एका बाजूला, फाटकी दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी घरी गेलो की बायको, सूरजबाई, मला उंबऱ्याबाहेर उभं करून झाडूनं झटकायची आणि मगच आत घ्यायची. वय बत्तीस, आणि सगळं आयुष्य पोत्यात चाललेलं!

अशात पेपरात बातमी वाचली. कलकत्त्याच्या एका हवाई कंपनीला बघायचं होतं की अगदी लहान धावपट्टीवरून लांब पल्ल्याची सेवा चालू शकते की नाही. मी उडालोच! चालू शकते म्हणजे काय? धावलीच पाहिजे! आमचं सगळं बारदान कलकत्त्याहून येतं. आम्हा जैनांची शिखरजीची यात्रा त्याच वाटेवर. शिरपूरच्या मंदिरात यात्रेकरूंची बारमाही वर्दळ. मी अर्ज लिहिला, तोही असा की वाचणाऱ्याला वाटावं, शिरपूरचे लोक सकाळी उठून कलकत्त्याकडे तोंड करूनच दात घासतात.

कंपनीचं उत्तर आलं. अमुक सोमवारी सकाळी नऊला चाचणीची फेरी निघेल. पाहणी करायला एक साहेब येतील. पहिली फेरी फुकट. मात्र निदान पंधरा प्रवासी विमानात बसले पाहिजेत. बसले तर दर आठवड्याला विमान आणि एजन्सी माझी. चौदा बसले तर नमस्कार!

मी ते पत्र काकांच्या पुढ्यात आपटलं.

"काका, पुढच्या महिन्यापासून मी दुकानात बसत नाई!"

"मंग कुठी बसशीन?"

"एजन्सीत!"

काकांनी चष्मा वर केला. "पंधरा मानसं इमानात बसली, तं मी सोता तुले हार घालीन. नाई बसली, तं जलमभर फाटके पोते शिवजो. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. दुकानात सात गिऱ्हाईकं होती. सातही साक्षीदार.

फुकट म्हटल्यावर नावं द्यायला झुंबड उडाली. चार दिवसांत बावीस! पहिलं नाव माझ्या सासूबाईंचं, केनवडच्या पानाबाईंचं. शिखरजीला जायची त्यांना फार वर्षांची ओढ, पण दोन दिवसांच्या रेल्वेत गुडघे आखडतात, ही तक्रार. "इमानात पाय लंबे करता येते नं, जवाईबापू?" एवढंच त्यांनी विचारलं. शेवटचं नाव शाळेच्या माणिकराव मास्तरांचं. त्यांना बोधगयेला जायचं होतं. बावीसही जण बाजारात छाती काढून फिरू लागले. "आमी काय, सोमवारी कलकत्त्याले!" असं भाजीवालीलाही ऐकवू लागले.

शनिवारी सासूबाई केनवडहून आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "जवाईबापू, सोमवारी पूर्वेले दिशाशूल असते."

मी ताट बाजूला सारलं.

"आजच्या जमान्यात कोण मानतं, बाई?"

"मी मानतो," सासूबाई म्हणाल्या.

तासाभरात कळलं की सगळेच मानतात! सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला निघायचं नाही, हे ज्यांनी जन्मात कधी पाळलं नव्हतं तेसुद्धा दारात येऊन मान हलवायला लागले. "अजितभाऊ, आमची लय इच्छा होती. पन दिशाशूल हाय नं!" एकटे माणिकराव मास्तर म्हणाले, "मी हे काही मानत नाई." म्हणजे बाविसांतून उरला एक!

पण रविवारी सकाळी दाढी करताना मला युक्ती सुचली. प्रस्थान! आपल्याकडची जुनी सोय आहे. निघायचा दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी आपलं एक गाठोडं त्या दिशेला कुणाकडे तरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी माणूस खुशाल निघतो. आणि आमची धावपट्टी गावाच्या थेट पूर्वेला! मी अर्धीच दाढी करून मंदिराच्या चौकात धावलो आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आज परस्थान ठेवा, उद्या उडा!"

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मला वाटलं, माझ्या हुशारीनं थक्क झाले असतील.

दुपारी विमान उतरलं. डकोटा! चंदेरी, पोटानं गलेलठ्ठ. म्हशी अशा पळाल्या की गोविंदसिंगची फौजी शिस्त पहिल्यांदाच मोडली. पाहणीवाले साहेब खाली उतरले. हातात फळी, फळीला कागद, कानावर पेन्सिल. तेवढ्यात वाजतगाजत आमची गाठोडी आली. हळदकुंकू लावलेली, वर सुपारी ठेवलेली, आत खाकरे, शंकरपाळे, धोतरं, लुगडी. वैमानिक भला माणूस निघाला. मी त्याला विनवून प्रत्येक गाठोडं ज्याच्या त्याच्या आसनावर ठेवलं आणि वरून पट्टाही बांधला. वाऱ्यानं म्हणा, माकडानं म्हणा, जागा जायला नको!

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"प्रवासी, साहेब. म्हणजे त्यांचा पहिला भाग. दुसरा उद्या येईल."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं.

माणिकराव मास्तरांचंही गाठोडं होतं. मी म्हणालो, "मास्तर, तुमी तं मानत नाई!"

"हे परस्थान नाई," मास्तर करड्या आवाजात म्हणाले. "हे सामान आहे."

सोमवार उजाडला. प्रवासी बावीस आणि पोचवायला आलेले हजारभर! पंचक्रोशीतून बैलगाड्या आल्या होत्या. चहाची दुकानं लागली. बावीस जणांच्या गळ्यात एवढे हार की नाकं तेवढी दिसत होती. काकाही आले होते. त्यांच्या हातातल्या पिशवीतून झेंडूच्या हाराचं टोक बाहेर डोकावत होतं. ते बघून मला इतका आनंद झाला म्हणता! बत्तीस वर्षांत काकांनी माझ्यासाठी साधं फूलही आणलं नव्हतं.

शिडी लागली.

"चढा!" मी म्हणालो.

"आधी तुमी," बाविसांतले वयानं मोठे नेमीचंदशेठ सासूबाईंना म्हणाले.

"नाई बाप्पा, तुमी मोठे."

"देवला, तू चढ!"

"मी? मोठ्यायच्या आंधी? मी काय बिनवळनाचा हाय?"

देवला हा गावातला सगळ्यात बिनवळणाचा माणूस. त्याला त्या दिवशी एकदम वळण लागलं! दहा मिनिटं नुसतं 'आधी तुमी' चाललं. साहेब घड्याळ बघू लागले. "संध्याकाळच्या आत कलकत्ता गाठायचंय," ते म्हणाले. "रायपूरला थांबायचंय. एजंट महाशय, असं करा, आधी तुम्हीच आत चला. दोन आसनं रिकामी आहेत. तुम्ही बसलात की लोकांना धीर येईल."

मी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर ठेवणार, तोच कुणीतरी शिंकलं!

"शिंकलं! शिंकलं!" बावीसच्या बावीस जण एका सुरात ओरडले, जणू त्याचीच वाट बघत होते. "निघतानी शिंक! आता नाई जाता येत!"

"एक शिंक वाईट," नेमीचंदशेठ म्हणाले. "दुसरी आली तं पहिली कटते."

"मंग दुसरी येऊ द्या!" काका ओरडले. काकांनाही आता चेव आला होता.

आणि नेमकं तेव्हाच वैमानिकानं इंजिन सुरू केलं! मंडळी, त्या शेडमध्ये फवारणीच्या गंधकाच्या भुकटीची तीन फुटकी पोती पडली होती. पंखा फिरला आणि पिवळा ढग उठला. मग काय विचारता! हजार माणसं शिंकायला लागली! बैल शिंकले. चहावाला शिंकला आणि त्याची किटली आडवी झाली. गोविंदसिंग सावधान उभा राहून शिंकत होता. कितवी शिंक कितवीला कापते याचा हिशेब कोण ठेवणार? मी एकोणसाठपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

मी डोळे चोळत मास्तरांना गाठलं. "मास्तर, तुमी शिंक नाई मानत! तुमी तरी चढा!"

"बिलकुल नाई मानत," मास्तर शिंकून म्हणाले. "पन माझी रजा मंजूर नाई झाली."

"कोन मंजूर करते रजा?"

"मुख्याध्यापक."

"कोन हाय मुख्याध्यापक?"

"मीच," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "पन अर्जच केला नाई मी."

वर साहेबांनी एकदा खाली पाहिलं, एकदा घड्याळ पाहिलं आणि दार ओढून घेतलं. शिडी निघाली. डकोटा धावली, माळाच्या टोकाला उडाली आणि पूर्वेला गेली. पट्टे बांधलेली बावीस गाठोडी आत घेऊन!

 मग एकच गलका!

"माही लुगडी!"

"माहे खाकरे!"

"अरे, गाठोडे जाऊन राह्यले! कोनी थांबवा रे!"

"हॉल्ट!" गोविंदसिंग आभाळाकडे बघून गरजला. पण विमान म्हशीइतकं शहाणं नव्हतं.

सगळा गलका सासूबाईंनी एका वाक्यात थांबवला. "परस्थान फुडं गेलं," त्या म्हणाल्या, "आता मानसानं मागं राहून चालत नाई. वंगाळ असते ते. उद्या मंगळवार हाय, पूर्वेले काही अडचन नाई. चला रेल्वेनं!"

आणि काय सांगू, मंडळी, बावीस जणांचे चेहरे असे उजळले की विचारू नका! दुसऱ्या दिवशी गळ्यातल्या सुकल्या हारांसकट सगळे अकोल्याच्या एसटीत चढले आणि तिथून हावडा मेलमध्ये. देवलानं तर सगळ्यात आधी उडी मारली. सासूबाईंचे गुडघे? त्यांचं कुणी नावही काढलं नाही. मी मात्र दुकानात. काकांनी हार तेवढा परत नेऊन घरच्या फोटोला घातला.

दहाव्या दिवशी साहेबांचा अहवाल आला. काकांनी तो मला गिऱ्हाइकांसमोर उभं करून, मराठी करून वाचायला लावला. "धावपट्टी उत्तम. पोचवायला येणाऱ्यांची संख्या देशात सर्वांत जास्त. प्रवासी शून्य. गाठोडी बावीस. गाठोड्यांची वागणूक संपूर्ण प्रवासात अत्यंत शिस्तीची. भूक लागल्यामुळे सातव्या आसनावरील शंकरपाळे आम्ही खाल्ले, त्याबद्दल दिलगीर आहोत. या गावाहून लांब पल्ल्याची सेवा चालू शकते, मात्र माणसांविना."

काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी माझ्या हातात दाभण आणि सुतळी ठेवली. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

सोळाव्या दिवशी यात्रा परतली. प्रत्येकाच्या डोक्यावर कलकत्त्याला कंपनीतून सोडवून आणलेलं आपापलं गाठोडं. सगळ्यांचं शिखरजीचं दर्शन झालेलं, मास्तरांची बोधगया झालेली, आनंदीआनंद! सासूबाई प्रसाद द्यायला दुकानात आल्या. मी पोतं शिवत बसलो होतो.

"काहून तोंड पाडलं, जवाईबापू?"

"काय सांगू, बाई! त्या दिशाशूलानं माझी एजन्सी बुडवली. सोमवार नसता तं आज मी कुठी असतो!"

"सोमवारचं काय एवढं?" सासूबाई सहज म्हणाल्या. "त्याले उतारा असते. घरातून निघतानी आरशात तोंड पाहाचं. झालं!"

दाभण बोटात घुसलं. "आरशात? फक्त आरशात?"

"हाव. लहान लेकरायले बी ठाऊक हाय."

"मंग बाविसातल्या एकानं तरी सांगतलं काहून नाई?"

सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भेव वाटे, जवाईबापू. सगळ्यायलेच वाटे. फुकट म्हून नावं तं देल्ली. मंग गावात एवढी फुशारकी मारल्यावर 'मी भेतो' म्हनावं कसं? कोनालेच आरसा पाहाचा नव्हता."

मी बोटातलं दाभण उपसलं. मग त्यांनीच विचारलं, "पन त्या साहेबानं तुमाले वर बोलावलं होतं. तुमी काहून नाई चढले?"

"शिंक नाई का झाली, बाई!"

"हाव, झाली खरी," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि गेल्या. बोलल्या काहीच नाहीत, हे त्यांचे उपकार.

कारण, मंडळी, आता तुमच्यापासून काय लपवायचं? इंजिन सुरू व्हायच्या आधीची ती पहिली शिंक माझी होती. आणि नाकात काहीसुद्धा गेलेलं नव्हतं!