गुरुजींचे दोन शब्द

सातवीच्या नऊ पोरापोरींनी गुरुजींना रोडग्यांचं जेवण द्यायचं ठरवलं, ते काही नुसत्या प्रेमापोटी नव्हे. देऊळघाटच्या बाजूच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत चिंतामण गुरुजींनी सात वर्षांत एकालाही 'शाब्बास' म्हटलं नव्हतं. तिसाचा पाढा बिनचूक म्हणा, नाहीतर अख्खी कविता म्हणा, गुरुजींचं आपलं एकच, "हं. बस खाली."

आता परीक्षा आटोपली होती. पुष्पाला तर आईनं बजावलंच होतं, झाली तेवढी शाळा पुरे. त्यामुळे जाण्याआधी एक शाब्बासकी घ्यायचीच, हे पुष्पानं मनात घट्ट धरलं होतं.

"आखरीचा मौका हाये," ती वर्गातल्या इंद्रभानला म्हणाली. "रोडगे असे झाले पाह्यजेत का गुरुजीनं सोताहून शाब्बास म्हटलं पाह्यजे."

"म्हणते का नाही ते पाह्य तू!" इंद्रभान म्हणाला. बोलायला त्याचं काय जात होतं!

पुष्पाच्या वडिलांच्या मळ्यात कडुलिंबाखाली गोवऱ्या पेटल्या. वांग्याची भाजी झाली, वरण झालं. निखारे फुलल्यावर पुष्पानं कणकेचे रोडगे त्यात पुरले. तुळशीरामनं आणलेल्या गोवऱ्या निम्म्या ओल्या निघाल्या, त्या इंद्रभाननं आच टिकावी म्हणून वरून रचून दिल्या. आता थोड्या वेळानं रोडगे तेवढे उलटवायचे होते. नेमके तेव्हाच गुरुजी उठून उभे राहिले.

"जेवणाआधी दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. "हाताची घडी, तोंडावर बोट!"

नऊची नऊ बोटं ओठांवर गेली. सात वर्षांची सवय ती! गुरुजी बोलत असताना बोट काढायची कुणाची छाती होती?

आणि काय सांगावं, ते दोन शब्द पहिलीपासून निघाले. शाळेच्या पहिल्या दिवशी इंद्रभान चिंचेवर चढून बसला, तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. शाळा तपासायला आलेल्या डिपोटी साहेबांनी राज्याची राजधानी विचारली, तेव्हा तुळशीरामनं छातीठोकपणे 'देऊळघाट' सांगितलं. गुरुजी एकेक आठवण काढत होते आणि त्यांच्या पाठीमागं ओल्या गोवऱ्या धुमसत होत्या. वारा गुरुजींच्या पाठीकडून पोरांकडे. पुष्पाला करपल्याचा वास आला. तिनं हात वर केला.

"हात खाली. मध्ये बोलायचं नाही."

तिनं मान हलवली, डोळ्यांनी खुणावलं. धूर तर नाकातोंडात जाऊ लागला. पोरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण बोट म्हणून कुणी हलवलं नाही.

गुरुजी बोलता बोलता थांबले. आपला वर्ग रडतो आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "अरे, मी तुम्हाला दगड समजत होतो. एवढा जीव लावलात? शाब्बास रे, शाब्बास!" आणि त्या भरात ते चौथीपासून पुन्हा सुरू झाले.

बोलणं संपलं तेव्हा रोडग्यांचा कोळसा झाला होता.

शाब्बासकी तर मिळाली. पण पुष्पाच्या ती घशाखाली उतरेना. "गुरुजी," ती शेवटी म्हणाली, "आमी रडून नोयतो राह्यलो. धूर जाऊन राह्यला होता डोयात."

"चूप बस ना वो!" इंद्रभान कळवळला.

गुरुजींनी काळ्या रोडग्यांकडे पाहिलं. "मग आधी का नाही सांगितलंस?"

"तोंडावर बोट होतं ना, गुरुजी."

"हं," गुरुजी म्हणाले. "मग ती शाब्बासकी मी परत घेतो."

घ्या! सगळ्यांची तोंडं उतरली. गुरुजी मात्र मांडी घालून बसले, एक रोडगा फोडला, वरचं काळं खरवडून काढलं आणि आतल्या मूठभर पांढऱ्यावर तूप ओतून खाऊ लागले. त्यांचं बघून पोरंही बसली. काळी बोटं, काळे ओठ, एकमेकांकडे बघून हसता हसता पुरेवाट झाली. निम्मं पोट वरणावरच भरलं.

ऊन कललं. इंद्रभाननं राखेवर पाणी ओतलं. गुरुजींनी सायकल हातात घेतली, "येतो मी," म्हणाले, आणि तुळशीराम एकदम हुंदके द्यायला लागला. मग इंद्रभान, मग सगळेच.

"आता काय झालं रे?" गुरुजी वळले.

पुष्पानं परकराच्या टोकानं डोळे पुसले, ते पुन्हा भरले.

"धूर हाये ना, गुरुजी," ती म्हणाली. "लय धूर हाये."

गुरुजींनी विझलेल्या राखेकडे पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"हो," ते म्हणाले. "आहे खरा."

मग सायकलवर टांग टाकताना, मागं न बघताच म्हणाले, "शाब्बास, पोरी."